टीव्हीच्या भंगारातली ठिणगी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मी बरीच वर्षं टीव्ही दुरुस्त केले. डब्बा टीव्ही गेले, पण त्यांचे ट्रान्सफॉर्मर अजून माझ्याकडे खोकी भरून पडले आहेत. शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की मोहल्ल्यातले पोट्टे दारात उभे राहतात. "काका, ठिणगी उडवायचं मशीन करायचं आहे." मागून त्यांच्या आयाही येतात, त्यांचे प्रश्न वेगळे असतात. तीच उत्तरं सारखी देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून ठेवतो.

हे मशीन नेमकं करतं काय?

बारा व्होल्ट घेतं आणि काही हजार व्होल्ट करून देतं. फुकटात काही मिळत नाही. व्होल्ट जितके चढतात तितका करंट उतरतो.

युक्ती जुनीच आहे. लोखंडी किंवा फेराइट गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे घ्यायचे. जाड तारेतून करंट जाऊ द्यायचा आणि एकदम तोडायचा. गाभ्यातलं चुंबकत्व क्षणात ओसरतं आणि बारीक तारेच्या टोकांवर प्रचंड दाब तयार होतो. फॅरडेने १८३१ मध्ये सांगितलेला नियम तो हाच. तुमच्या वडिलांच्या जुन्या स्कूटरचा प्लगही त्याच नियमाने पेटायचा.

भंगारातून कोणती वस्तू घेऊ?

सगळ्यात आधी गॅसचा लायटर. आत एक सिरॅमिकचा खडा असतो. त्यावर स्प्रिंगचा हातोडा आपटला की दहा हजारांच्या वर व्होल्ट निघतात. बॅटरी नाही, वायरिंग नाही. लहान मुलांनी इथूनच सुरुवात करावी, आणि यात कमीपणा काही नाही.

दुसरी वस्तू म्हणजे डास मारायची बॅट. बॅटरी गेलेली बॅट कबाड्याकडे पाच-दहा रुपयांत मिळते. आत एक ट्रान्झिस्टर, बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर आणि डायोड-कंडेन्सरची साखळी असते. कंडेन्सर म्हणजे चार्ज साठवून ठेवणारी डबी. जाळीवर एक ते दोन हजार व्होल्ट येतात. ठिणगी जेमतेम मिलिमीटरभर पडते, पण सर्किट शिकायला याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही. बटण सोडल्यावरही जाळीत चार्ज राहतो, एवढं ध्यानात ठेवा.

तिसरी म्हणजे गाडीची इग्निशन कॉइल, आणि माझी शिफारस तिचीच. मात्र कॉइल जुन्या चारचाकीची हवी: अँबेसेडर, मारुती ८००, तशा जातीची. पोट्टे हमखास मोटरसायकलची कॉइल घेऊन येतात आणि ती चालत नाही म्हणून रडतात. मोटरसायकलमध्ये बहुधा सीडीआय, म्हणजे कंडेन्सरमधून धक्का देणारं इग्निशन, असतं. तिथे कॉइलला बारा नव्हे, दोन-तीनशे व्होल्टचा धक्का द्यावा लागतो. मल्टिमीटरने तपासून घ्या. चारचाकीच्या कॉइलच्या दोन लहान टोकांमध्ये साधारण ३ ओहम दिसतात आणि मधल्या मोठ्या टोकापर्यंत काही हजार ओहम. ३ च्या जागी दीड ओहम आले, तर त्या कॉइलला मालिकेत बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा रेझिस्टर, लागतो.

चौथी वस्तू म्हणजे टीव्हीचा ईएचटी, पिक्चर ट्यूबला उंच व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. काही मेकॅनिक त्याला एलओटी म्हणतात, वस्तू एकच. लाल जाड वायर आणि टोकाला रबरी टोपी, ओळखायला सोपा. रंगीत टीव्हीत तो पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास देतो. ठिणगी बघायला याच्यासारखी मजा नाही, पण तो टीव्हीतून काढणं हे वेगळं प्रकरण आहे. त्याबद्दल खाली.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर का नको? त्यात तर दोन हजारच व्होल्ट असतात.

"दोन हजारच" हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

गाडीच्या कॉइलचं गणित करू. ३ ओहमची कॉइल, १२ व्होल्ट, म्हणजे जास्तीत जास्त ४ अँपिअर. इंडक्टन्स (चुंबकत्वात ऊर्जा साठवायची ताकद) ८ मिलिहेन्री धरलं तर एका ठिणगीत साठलेली ऊर्जा साधारण ०.०६ ज्यूल होते. ती संपली की ठिणगी संपली. मागे काही शिल्लक नाही.

मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमागे साठा नाही, अख्खं वीज मंडळ आहे. दोन हजार व्होल्टला अर्धा अँपिअर तो सहज देतो आणि देतच राहतो. माणसाचं हृदय बिघडायला त्याचा दहावा भागही पुरेसा आहे. हाताचे स्नायू आखडतात, पकड सुटत नाही, आवाजही होत नाही. लाकडावर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या नादात इतके लोक गेले, की अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत तो प्रकारच बंद केला.

माझ्याकडे कोणी तो ट्रान्सफॉर्मर घेऊन आला, तर मी चहा पाजतो आणि परत पाठवतो. दोन ट्रान्सफॉर्मर जोडून कसं करायचं, निऑन बोर्डाचा चालेल का, हे प्रश्नही त्याच उत्तरात आले. घरच्या २३० व्होल्टवर चालणारं काहीही नको.

मग पंचवीस हजार व्होल्टचा शॉक बसूनही माणूस जगतो, हे कसं?

हिवाळ्यात स्वेटर काढताना कडकड आवाज येतो ना? आपल्याकडे डिसेंबरची हवा कोरडी असते, त्यामुळे जास्तच. तेव्हा अंगावर काही हजार व्होल्ट असतात. पण माणसाचं शरीर म्हणजे फार तर शंभरेक पिकोफॅरडचा कंडेन्सर. दहा हजार व्होल्ट धरले तरी ऊर्जा होते ०.००५ ज्यूल. चिमटा बसतो आणि संपतं.

आता जुन्या टीव्हीच्या आत बघा. पिक्चर ट्यूबची काच स्वतःच एक कंडेन्सर असते, साधारण २,००० पिकोफॅरडचा. पंचवीस हजार व्होल्टला त्यात ०.६ ज्यूल साठतात. आणि त्याच टीव्हीच्या सप्लायमधला काळा गोल फिल्टर कंडेन्सर २२० मायक्रोफॅरडचा असेल, तर ३२५ व्होल्टला त्यात साडेअकरा ज्यूल! पोट्टे लाल वायरला घाबरतात आणि त्या काळ्या डबीवर बिनधास्त बोट ठेवतात. घाबरायचं उलट क्रमाने. फ्लॅशच्या जुन्या कॅमेऱ्यातला कंडेन्सरही याच पंथातला. दिसायला शेंगदाण्याएवढा, व्होल्ट ३३०, आणि हात फेकून देतो.

म्हणून नवीन वस्तू हातात आली की "किती व्होल्ट" हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न: मागे साठा किती आहे आणि तो कोण भरतो आहे?

टीव्ही उघडून ईएचटी काढायचा आहे. कसा काढू?

शक्यतो काढू नका. दुरुस्तीवाल्याकडून सुटा मागा. बर्डीला किंवा इतवारीकडे जुन्या दुकानात विचारलं तर माळ्यावरून एखादा निघतोच.

माझीच गोष्ट सांगतो. धंद्याच्या पहिल्या वर्षी एक एकवीस इंची सेट आला होता. आदल्या रात्री बंद केलेला, प्लगही काढलेला. मी रबरी टोपीखाली बोट घातलं. शॉक फार मोठा नव्हता, पण हात इतक्या जोरात मागे आला की कोपर मागच्या लोखंडी रॅकवर आपटलं आणि वरचा दुसरा टीव्ही खाली आला. गिऱ्हाइकाचा होता. पदरचे पैसे भरले. शॉकने होतं त्यापेक्षा दचकण्याने जास्त नुकसान होतं, हे तेव्हा कळलं.

जाणत्या माणसासमोर काढायचाच असेल, तर प्लग काढून सेट बराच वेळ राहू द्या. चांगल्या प्लॅस्टिक मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधा आणि तिचं दुसरं टोक ट्यूबच्या मागून जाणाऱ्या उघड्या जाळीदार तारेला क्लिपने लावा. क्लिप आधी. मग एक हात खिशात ठेवून स्क्रूड्रायव्हरचं टोक टोपीखाली सरकवा. टक् आवाज येईल. पाच मिनिटांनी पुन्हा करा, कारण काचेत मुरलेला चार्ज परत वर येतो. फिल्टर कंडेन्सर मल्टिमीटरने मोजा आणि काही किलोओहमच्या जाड रेझिस्टरने उतरवा. ट्यूबची मान फार नाजूक असते. आत निर्वात पोकळी आहे, मान मोडली की काचा उडतात.

गाडीच्या कॉइलचं सोपं सर्किट सांगा.

माझ्या पद्धतीत एकही ट्रान्झिस्टर नाही. लागतं ते असं: यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी, ५ अँपिअरचा फ्यूज, गाडीचा पाच पिनांचा रिले (चुंबकाने ओढला जाणारा स्विच), स्कूटरच्या हॉर्नचं बटण आणि जुन्या गाडीच्या कॉन्टॅक्ट पॉइंटचा कंडेन्सर. कंडेन्सर नाही मिळाला तर ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा घ्या.

बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज, मग हॉर्नचं बटण, मग रिलेची ३० नंबरची पिन. ८७ए पिनेतून दोन वायरी काढायच्या: एक रिलेच्याच ८६ नंबरला, दुसरी कॉइलच्या प्लसला. रिलेची ८५ आणि कॉइलचं मायनस बॅटरीच्या मायनसला. कंडेन्सर ३० आणि ८७ए यांच्यामध्ये. झालं.

बटण दाबलं की रिले ओढला जातो. ओढला गेला की त्याचा स्वतःचाच सप्लाय तुटतो, म्हणून तो सुटतो, सुटला की पुन्हा ओढला जातो. जुन्या घंटीसारखा घर्रर्र आवाज येतो आणि प्रत्येक तुटण्याला कॉइलमधून एक ठिणगी. मधल्या टोकापासून एक वायर आणि बॅटरीच्या मायनसपासून एक, त्यांच्या टोकांमध्ये सुरुवातीला ५ मिलिमीटर अंतर ठेवा. सेंटिमीटरच्या आसपास जाता येतं.

हॉर्नचं बटण मुद्दाम सांगितलं. ते चार अँपिअर झेलतं आणि बोट काढलं की बंद होतं. चालू राहणारा स्विच या मशीनला लावायचाच नाही. रिलेचे पॉइंट लवकर जळतात, मशीन दर प्रदर्शनाला एक रिले खातं असं समजा. ५५५ टायमर (ठेका धरणारी चिप) आणि मॉस्फेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) लावून जास्त देखणं काम होतं, पण ठिणगीची फट चुकून मोठी राहिली की मॉस्फेट जातो, आणि मुलाला कळतही नाही की काय गेलं. रिले निदान आवाज करून मरतो.

आणि ईएचटीचं?

मोठ्या हीट सिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) २एन३०५५ ट्रान्झिस्टर लावा. ईएचटीच्या फेराइट गाभ्याच्या उघड्या पायावर जाड तारेचे आठ-दहा वेढे, वर बारीक तारेचे चार-पाच वेढे फीडबॅकसाठी. एक २७ ओहम ५ वॉटचा रेझिस्टर, एक २४० ओहमचा. आकृती कुठेही मिळते. चाललं नाही तर फीडबॅकची दोन टोकं अदलाबदल करा, निम्म्या वेळा तेवढंच असतं. रिटर्न पिन, म्हणजे उंच व्होल्टचं दुसरं टोक, शोधायची तर लाल वायर कोरड्या प्लॅस्टिकच्या पाइपला बांधून पिनांजवळून फिरवा. जिथे सगळ्यात जोरदार ठिणगी उडते ती पिन.

यातून सलग जाळ निघतो, तुटक ठिणग्या नाहीत. कागद पेटतो. आणि आउटपुटला कंडेन्सर जोडायचा मोह आवरा. आवाज बंदुकीसारखा होतो हे खरं, पण मघाचं साठ्याचं गणित तिथे बदलतं.

किती व्होल्ट निघाले हे मल्टिमीटरने मोजू का?

मल्टिमीटर मरेल. ठिणगीच्या लांबीवरून अंदाज काढा. सपाट किंवा मोठ्या गोल टोकांमध्ये हवा साधारण दर मिलिमीटरला ३,००० व्होल्टवर फुटते. टोकदार खिळ्यांमध्ये १,००० च्या आसपासच पुरतात. म्हणून खिळ्यांवरची एक सेंटिमीटर ठिणगी बघून "तीस हजार व्होल्ट" असं तक्त्यावर लिहू नका, परीक्षक जाणता असेल तर तिथेच पकडेल. सायकलच्या दुकानातले मोठे छर्रे लावून तीच फट पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. बक्षीस त्याला मिळतं.

नागपूरच्या उन्हाचा काही फरक पडतो का?

पडतो! गरम हवा विरळ असते. २० अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवेची घनता सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, तीच कॉइल किंचित लांब ठिणगी टाकते. पण त्याच उन्हात २एन३०५५ चा हीट सिंक हात लावू देत नाही.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये ठिणगी फटीत पडायच्या ऐवजी दमट हार्डबोर्डवरून सरपटत जाते. एकदा तिथे काळी रेघ जळली की तो कोळसा, आणि कोळशातून वीज वाहते. बोर्ड बदलावाच लागतो. बेस लाकडाचा न करता अॅक्रिलिकचा करा.

मशीन चालूच होत नाही, काय बघू?

बॅटरी. दहातल्या सहा वेळा बॅटरीच असते. मग फ्यूज, मग मोटरसायकलची कॉइल तर आणली नाही ना ते.

घरात ईएलसीबी आहे, मग भीती कसली?

ईएलसीबी फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की वीज तोडतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तुम्ही चिकटलात तरी अलीकडे हिशोब बरोबर जुळतो. त्याला तुमचा पत्ताच लागत नाही. बॅटरीच्या मशीनशी तर त्याचा संबंधच नाही.

तरी घरात तो असू द्या, कूलरसाठी. लोखंडी बॉडी, आत पाणी, अर्थिंग तुटलेलं, आणि ओल्या फरशीवर अनवाणी पाय. ठिणगीच्या मशीनला घाबरणारे लोक मे महिन्यात चालू कूलरमध्ये हात घालून पंप हलवतात. दर उन्हाळ्यात बातम्या येतात.

यातून एक्स-रे निघतात का?

उघड्या हवेतल्या ठिणगीतून नाही. पण ईएचटीची वायर जुन्या व्हॉल्व्हला किंवा निर्वात काचेच्या कुठल्याही नळीला जोडू नका. तिथे निघू शकतात, आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

तो कसला वास येतो?

ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. खिडकी उघडी ठेवा, सलग चालवू नका. जवळ पेट्रोल, थिनर किंवा गॅसचा सिलिंडर नको. पेसमेकर लावलेल्या आजोबांना त्या खोलीत बोलावू नका. मोबाइल आणि लॅपटॉपही लांबच.

वावरात रानडुकरं येतात. याचंच कुंपणाचं झटका मशीन करता येईल का, भाऊ?

हा प्रश्न काटोल-उमरेडकडचे लोक विचारतात आणि त्यांची अडचण खरी आहे. एका रात्रीत रोही (नीलगायी) आणि डुकरं पीक झोपवतात. पण उत्तर नाही असंच आहे.

विकतच्या झटका मशीनची हुशारी व्होल्टमध्ये नाही, थांबण्यात आहे. आयईसी ६०३३५-२-७६ या मानकाप्रमाणे दोन झटक्यांमध्ये किमान एक सेकंदाचं अंतर हवं आणि एका झटक्यातली ऊर्जा ५ ज्यूलच्या आत. त्या एका सेकंदात जनावराला, किंवा कुंपणाला चिकटलेल्या माणसाला, सुटायला वेळ मिळतो. आपलं घर्रर्र करणारं मशीन सेकंदाला डझनावारी ठिणग्या टाकतं. ते कुंपणाला लावायचं नाही. आणि थेट लाइन तारेवर सोडणं म्हणजे सरळ मनुष्यवध. विदर्भात तशी माणसंही गेली आहेत आणि वाघही. सोलरचं तयार मशीन घ्या, पावतीसह.

याने विजेचं मीटर थांबतं म्हणतात...

पुढचं विचारू नका. ती वीजचोरी: वीज कायदा २००३, कलम १३५.

प्रदर्शनात ठिणगीशिवाय काय दाखवू?

ठिणगी दोन मिनिटांत शिळी होते. तिच्या शेजारी एक मीडियम वेव्ह रेडिओ ठेव. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर लाव आणि बटण दाब. कार्यक्रमात खरखर येईल. वायर नाही, काही नाही, तरी ठिणगी रेडिओपर्यंत पोचली. मग तेच एफएमवर करून दाखव, खरखर फारच कमी होते. का, ते परीक्षकांनी विचारायच्या आधी तूच सांग: एफएम लाटेची उंची बघत नाही, वारंवारता बघतं.

याहून पुढे जायचं असेल तर कोहिअरर, म्हणजे रेडिओ लाटा ओळखणारी जुनी नळी, कर. चावीवाल्याकडून पितळी कीस माग, फुकट देतो. काचेच्या किंवा रिफिलच्या बारीक नळीत तो सैल भर, दोन्ही बाजूंनी स्क्रू घाल आणि एलईडी व सेलच्या मालिकेत जोड. एरवी कीस वीज जाऊ देत नाही. दोन-चार फुटांवर ठिणगी पडली की कण एकमेकांना चिकटतात आणि एलईडी लागतो. टिचकी मारली की विझतो. पहिल्यांदा जमणार नाही. कीस कमी-जास्त कर, स्क्रू सैल कर, जमेल. फ्रान्सच्या ब्रान्लीने १८९० मध्ये हा गुण ओळखला, आणि १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडून लाटा पाठवून घंटा वाजवली, बारूद पेटवली. त्यांच्याकडेही लाटा निर्माण करायला ठिणगीच होती.

फक्त मशीनला लांब अँटेना लावायची नाही. मग ते विनापरवाना ट्रान्समीटर होतं, आणि शेजाऱ्यांच्या रेडिओचीही वाट लागते.

माझा मुलगा सातवीत आहे. करू देऊ का?

ताई, लायटर आणि बॅट करू द्या, बॅट उघडताना शेजारी बसा. गाडीची कॉइल नववी-दहावीत, मोठं माणूस खोलीत असताना. बोर्डावर सगळं पक्कं बसवलेलं, ठिणगीच्या फटीवर पारदर्शक डबा, बॅटरीची क्लिप रात्री काढून वेगळ्या कपाटात. शाळेत नेताना बॅटरी शिक्षकांकडे द्या. ईएचटी सध्या नको. तो हट्ट करेल, माझं नाव सांगा.

ईएचटी काढून झाला. उरलेली पिक्चर ट्यूब कुठे टाकू?

कबाडी तांब्याच्या वेटोळ्यासाठी ट्यूब फोडतो, ते करू देऊ नका. रंगीत ट्यूबच्या काचेत शिसं असतं आणि समोरच्या पडद्याला आतून पावडर लावलेली असते. पडदा खाली, मान वर अशी जाड गोधडीत गुंडाळा, खोक्यात घाला आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. खोक्यावर "काच, पालथी ठेवली आहे" असं मोठ्या अक्षरात लिहा. नाहीतर रिक्षावाला सरळ करून ठेवतो.